दोघींत एक पंप

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे वाल सोलणं. कडवे वाल, मोड आलेले. माझी बायको परातीत कोमट पाणी घालून बसली होती, मी समोर. वाल बोटांत धरून दाबला की सालातून सटकन उडतो. माझे निम्मे खाटेखाली जात होते.

"साचो कसो चालवलात तुम्ही? एक वाल धरूक जमणा नाय," ती म्हणाली.

"साच्यावर कापड होता, वाल नाय."

ती हसली. हसताना खोकला आला. मग श्वास जागेवर येईस्तोवर परातीकडे बघत नुसती बसून राहिली. आम्ही मालवणकडची माणसं, घरात बोलणं तसंच राहिलं. परळला सगळा जन्म गेला तरी.

खाली चाळीच्या पटांगणात मंडळानं जाहीर चर्चा ठेवली होती. निवडणूक तोंडावर आली होती. तीन पक्षांचे तीन पुढारी एका स्टेजवर आणून बसवलेले. विषय होता गरिबाचं आजारपण आणि सरकारचा पैसा. कर्णा आमच्या गॅलरीकडे तोंड करून बांधलेला, त्यामुळे ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येणार.

पहिला म्हणाला, आम्ही घरटी एक कार्ड देऊ, पाहिजे त्या प्रायव्हेट हॉस्पिटलात जा, ऑपरेशन करा, बिल सरकार भरेल. दुसरा त्याच्यावर तुटून पडला. म्हणाला, कार्ड म्हणजे प्रायव्हेटवाल्यांची धन आहे, तोच पैसा सरकारी हॉस्पिटलात टाका, औषधं भरा, डॉक्टर भरा. तिसरा सुटाबुटातला, शांतपणे बोलणारा. तो म्हणाला, बंधूंनो, तिजोरीत पैसा येतो कुठून हे कोणी बोलतच नाही. फुकट दिलं की लोकांना सवय लागते.

"कसली सवय लागता म्हणता तो? श्वास घेवची?" ती म्हणाली आणि वाल सोलत राहिली.

तिला दमा होता. कापसाचा दमा. गिरणीत मी साचेखात्यात होतो, म्हणजे मागांवर, आणि ती वाइंडिंगात, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात. तिथं हवेत कापूस इतका की पाळी सुटल्यावर बायका एकमेकींच्या केसांतला वेचायच्या. केसांतला निघायचा. छातीतल्यासाठी गूळ खायचा, गुळानं कापूस खाली जातो असं आम्ही सगळेच समजत होतो. मुकादमसुद्धा सांगायचा. गुळानं काही जात नाही हे म्हातारपणी कळलं, मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरनं छातीचा फोटो दिव्यासमोर धरला तेव्हा.

त्या डॉक्टरनं तिला पंप दिला. तोंडात धरायचा, दाबायचा, औषध आत ओढायचं. महिन्याला एक, हॉस्पिटलच्या खिडकीवर मिळायचा. पंप घेतला की ती जिना चढायची, मासळी घेऊन यायची, भांडायची. पंप नसला की ती बसून असायची. आमचं घर त्या पंपावर चालत होतं, असं म्हटलं तरी चालेल.

वाल सोलले त्या दिवशी पंप संपलेला होता. खिडकीवर गेलो तर म्हणाले, वरून साठा आला नाही, सोमवारी बघा. त्याआधी बाहेरून एक आणला होता, तोही संपला. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडेही नव्हता. तो म्हणाला, उद्या सकाळी येईल, काका, तुमच्यासाठी बाजूला ठेवतो.

महिन्याचा पंप महिना का पुरत नव्हता, ते सांगायला पाहिजे. त्याला संपापासून सुरुवात करावी लागेल.

गिरणी चालू होती तेव्हा आम्हाला विम्याचं कार्ड होतं. पगारातून पैसे कापून जायचे आणि कार्डावर दवाखाना मिळायचा. घरून रिकामी बाटली न्यायची, खिडकीवर ती भरून मिळायची. गुलाबी औषध खोकल्याचं, पांढरं पोटाचं. संप झाला. पगार बंद झाला, कापायला पैसे नाहीत, कार्डही बंद पडलं. ज्या वर्षी माणसाच्या पोटात अन्न नाही त्याच वर्षी त्याचं औषधही बंद, असा तो कायदा. म्हणून कोणी कार्ड देतो म्हटलं की मी विचारतो, कशावर चालणार आणि कधी बंद पडणार? माझ्याकडे होतं एक.

आमच्या मजल्यावर एक गोदीत कामाला होता. त्याचं कार्ड चालू होतं. मजल्यावर कोणाचं पोर खोकलं की हा दवाखान्यात जाऊन खोकायचा. कोणाच्या बायकोला पोटदुखी झाली की हा पोट धरून उभा राहायचा. खोकला एकाचा, औषध दुसऱ्याच्या नावावर. तिथला डॉक्टर त्याला म्हणाला होता, "तुला रे दर आठवड्याला नवा रोग होतो. आता बाळंत व्हायचा फक्त राहिलायस." पण बाटली भरून द्यायचा. ती बाटली मजल्यावर फिरायची. दोन चमचे इथं, दोन चमचे तिथं. कोणाला पुरा डोस मिळाला नाही आणि कोणी उपाशीही राहिला नाही. आम्ही त्यालाच औषध म्हणायचो.

ही सवय आमच्या हाडात बसली. हिच्या तर फारच.

आमच्या शेजारच्या खोलीत वयनी राहते. हिच्याच खात्यातली, पण बदली कामगार. म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर त्या जागी आत घ्यायचे, नाहीतर परत घरी. तिच्या छातीतही तोच कापूस आहे. पण ती हॉस्पिटलात जाणार नाही म्हणजे नाही. संपात तिच्या नवऱ्याला कावीळ झाली. कार्ड नव्हतं तरी मोठ्या हॉस्पिटलात त्याला घेतलं, कोणी कार्ड विचारलं नाही, हे मी खरं ते सांगतो. पण फार उशिरा नेला होता. तो गेला. तेव्हापासून वयनीचं एकच, "त्या गेटातून आत गेलेलो माणूस भायर येणा नाय." पंप तर डॉक्टरनं तपासल्याशिवाय मिळत नाही. मग हिनं काय करावं? दुपारी मी झोपलो की पंप पदराखाली घेऊन शेजारी जायची.

मला कळलं ते डॉक्टरमुळे. तो हिला ओरडला, "आजी, महिन्याचा पंप पंधरा दिवसांत? पिता का काय?" मी घरी येऊन विचारलं तेव्हा बोलली.

"तिका देतंय. रात्रभर भिंतीपलीकडे खोकता. माका ऐकवणा नाय."

"तुझो श्वास तुका पुरणा नाय आणि तू दुसरीक वाटतंस?"

"संपात गोदीवाल्याच्या नावाचां औषध कोणी प्यायलां? तुम्हीच ना?"

"ता पाणी होता, गुलाबी. ह्या तसा नाय. डॉक्टर म्हणता ह्या मोजून घेवचा."

"डॉक्टराक काय कळता? तो वाइंडिंगात होतो काय?"

मी शेजारी जाऊन वयनीलाही बोललो. कडक बोललो. तिनं मान खाली घातली, म्हणाली, "भावोजी, मी नको म्हणतंय, पण ती दारातच बसता." हेही खरं होतं. हिला मी ओळखतो. मी परत आलो तशी ही तिकडे गेली आणि भिंतीपलीकडून मला ऐकू आलं, ही तिला दटावत होती, "घे गो मुकाट्यान. तू मेलंस तर माझ्याशी भांडतला कोण?"

मी हिला बोललो याचं मला वाईट वाटत नाही. ती समोर असती तर आजही बोललो असतो. पण बोलून बंद होणारी ती गोष्ट नव्हती. खिडकीवर दर महिन्याला पंप असता तर तिनं अर्धा दिला असता तरी निभलं असतं. खिडकी रिकामी असायला लागली, कधी आठवडा, कधी जास्त. वरचे म्हणायचे पैसा नाही. आणि खाली स्टेजवर तिघंजण पैसा कुठं घालायचा यावर भांडत होते.

त्या संध्याकाळी मंडळाचा एक पोरगा वर आला. म्हणाला, "आजोबा, चला की खाली. गिरणी कामगार म्हणून दोन शब्द बोला."

ती म्हणाली, "जावा. पंपाचा सांगा त्यांका."

मी गेलो नाही. तिघांना टाळ्या मिळत होत्या, मला काय मिळणार होतं? आम्ही वाल संपवले. तिनं उसळ केली, खोबरं घालून, चूल पुसली. वाटीभर वयनीकडे दिली. सभा संपली तेव्हा ती भिंतीला पाठ लावून बसली होती. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून बसूनच झोपायची.

उजाडायच्या आधी तिनं मला हलवलं. बोलता येत नव्हतं. ओठ निळसर झाले होते. शेजारच्यांनी खुर्चीत बसवून तिला खाली नेलं, टॅक्सी केली. मोठं हॉस्पिटल तसं जवळच. त्यांनी लगेच आत घेतलं. खाट नव्हती, जमिनीवर गादी घातली. ऑक्सिजनचा एक सिलेंडर आणि दोन बायका, आळीपाळीनं. हिला थोडा वेळ, मग पलीकडचीला थोडा वेळ. सिस्टर धावत होती, एकटी. तिला मी दोष देत नाही. ती मला म्हणाली, "बाबा, दुसरा सिलेंडर मागवलाय, येतोय." माझ्यासमोर तीनदा फोन केला तिनं.

नळी काढून पलीकडचीला लावायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, "राहू दे, बाई. हिला राहू दे." सिस्टर थांबली. पण हिनं स्वतःच हातानं नळी सरकवली. तिला कळत होतं की नाही मला माहीत नाही. आयुष्यभर तेच केलं होतं, हाताला वळण होतं. पलीकडची बाई कोण, कुठली, आम्हाला काही माहीत नव्हतं.

दुसरा सिलेंडर आला. तो आला तेव्हा ती गेलेली होती.

मुलगा विरारहून आला. संध्याकाळी उरकलं. चाळीतले सगळे आले, पुढाऱ्यांतला एक, कार्डवाला, तोही हात जोडून गेला. वयनी आली नाही. तिचं दार बंद. लोक कुजबुजले, एवढी मैत्रीण आणि दारात आली नाही. रात्री मला भिंतीपलीकडून तिचा खोकला ऐकू येत होता. दाबून खोकत होती, तोंडात पदर कोंबून खोकल्यासारखा आवाज. मी जागाच होतो. ऐकवत नव्हतं, हे हिचं म्हणणं त्या रात्री मला पटलं.

सकाळी राख सावडायला जायचं होतं. मुलगा, सून, पाहुणे सगळे तयार होऊन बसले. मी उठून शेजारचं दार ठोकलं. उघडलं नाही म्हणून ढकललं. वयनी कोपऱ्यात बसलेली, गुडघ्यात डोकं घालून. वाटी तशीच होती, उसळीला हात लावला नव्हता.

"माका काय बोलू नकात," ती म्हणाली. "मी तिचो श्वास खाल्लंय."

"खाल्लंस तर खाल्लंस. ऊठ. चप्पल घाल."

"खंय?"

"हॉस्पिटलात."

"भावोजी, सुतक असा तुमका."

"सुतक माका असा, तुझ्या छातीक नाय."

"मी त्या गेटातून..."

"काल मी गेलंय आणि भायर इलंय. बघ, तुझ्यासमोर उभो असंय. ती नाय इली. दोन्ही होता तिथं. पण आता घरी बसून तुका कोण देतला? दारात बसणारी गेली."

त्यावर ती रडली, मोठ्यानं, आणि रडताना दम लागला तशी मी तिची पाठ चोळली. परक्या बाईला कधी हात लावला नव्हता. मग तिनं पदर सारखा केला आणि चप्पल शोधायला लागली.

गॅलरीत पाहुणे बघत होते. मुलगा म्हणाला, "बाबा, स्मशानात जायचंय. कुठं चाललात?" मी म्हटलं, "तू पुढं हो."

गेटाशी वयनी थांबली. हात घट्ट धरला माझा. वॉचमन म्हणाला, "आजी, रस्त्यात नका उभ्या राहू." तेव्हा ती आत आली. रांग बरीच होती. आमच्यापुढं एक पोरसवदा बाई तापलेलं मूल घेऊन उभी, मागं एक टॅक्सीवाला. केसपेपरच्या खिडकीवरच्या मुलीनं मला बघितलं, रोजचा चेहरा म्हणून ओळखलं.

"काका, औषधाचा साठा अजून नाही आला."

"तपासायला आणलंय," मी म्हटलं. "नवा पेपर काढा."

"पेशंट कोण?"

मी वयनीला पुढं केलं. मुलीनं विचारलं, काय होतंय, आजी? वयनीनं माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"दम लागता," ती म्हणाली. "गिरणीपासून."

बाकावर बसलो. मुलाचा फोन आला. "बाबा, सगळे थांबलेत हो इथं."

"थांबू देत," मी म्हटलं. "आमचा नंबर यायचाय."