खुडूक न बसणारी कोंबडी

दिग्रसच्या बाजारातल्या एका कोंबडीवाल्यानं मला फसवलं. हॅचरीतली कोंबडी घरची गावरान म्हणून माझ्या गळ्यात मारली. भंगाराच्या हातगाडीपासून दुकानापर्यंत मी एकट्यानं आलो. आजवर मला कुणी गंजलेला खिळासुद्धा नवा म्हणून विकू शकलं नव्हतं.

हे सगळं मायसाठी होतं. तिला आता नीट दिसत नाही. एक दिवस म्हणाली, "अंगणात कोंबडी पिल्लं घेऊन फिरली का घर भरल्यावानी वाटते. मले एकडाव तो आवाज आयकू दे."

लहानपणी आमच्याकडे खुराडं नव्हतं. माय तिन्हीसांजेला कोंबड्या डालग्याखाली झाकायची, वर दगड ठेवायची. कोंबडी खुडूक बसली की कोपऱ्यात टोपलं, टोपल्यात कुटार, कुटारात अंडी. मग एकवीस दिवस त्या बाजूला आम्हाला पाय आपटायची सोय नव्हती. बाविसाव्या दिवशी अंगण नुसतं चिवचिवायचं.

खुराडं मी स्वतःच बांधायला घेतलं. चार खांब रोवले, लोखंडी जाळी ठोकली. बाजेवरून माय म्हणाली, "जाळी जमिनीत गाडली का?"

"कायले?"

"मुंगसाले का दरवाजा लागते? थे खालून उकरते."

मी हातोडा फेकला आणि घरात गेलो. दुसऱ्या दिवशी सगळी जाळी उपसून वीतभर खोल गाडली. कोंबडीला बसायची दांडी बारीक झाली होती, तीही बदलली. मावळतीच्या बाजूला पऱ्हाटीच्या काड्यांचा कुड घातला. तो लिंपायला माय सरकत सरकत आली. खालचा भाग तिनं बसल्या बसल्या हातानं थापला. तिची बोटं अजून त्या कुडावर उमटलेली आहेत.

मग बाजारात गेलो. कोंबडीचे पाय पाहिले, पंख उघडले, वजन हातावर तोललं. कोंबडीवाल्यानं तिचं डोकं काखेत धरलं होतं.

"घरची हाय भाऊ. दोनदा पिल्लं काढली हिनं."

मी निम्म्यावर मागितली. त्यानं लगेच दिली. तिथंच मी थांबायला हवं होतं.

शेजारचा कोंबडा अंगणात यायचाच. कोंबडी अंडी घालायची आणि उठून चालू लागायची. माय ती अंडी टोपल्यात ठेवून वाट पाहायची. "नवीन जागा हाय, बसन," म्हणायची. महिना गेला. एका सकाळी तिनं कोंबडी मांडीवर घेतली, चोचीवरून बोट फिरवलं.

"चोच कापेल हाय बाबू इची. मशिनीवालेच कापते अशी. हे मशिनीतली हाय. इले कुठलं खुडूक बसणं?"

ती बोथट चोच मी रोज पाहत होतो. मातीत घासून झिजली असेल, असं मला वाटायचं.

पुढच्या बाजाराला जाऊन कोंबडीवाल्याला गाठलं. तो हसला. "एवढ्या भावात पिल्लं काढणारी भेटते का भाऊ कुठं?"

त्याची कॉलर धरली होती, लोकांनी सोडवली.

पैसे मला नकोत. कोंबडीही राहू दे, अंडी देते बिचारी. पण माय अजून रोज सकाळी ते टोपलं चाचपते. कोंबडीवाल्या, तू माझ्या घरी ये, तिच्यासमोर बस आणि सांग, हिनं दोनदा पिल्लं काढली ती कोणत्या अंगणात?