काचेतल्या मोगऱ्याच्या कळ्या

निवृत्तीनंतर मी ज्योतीवर काच वितळवून पेपरवेट करायला शिकलो. पहिल्याच पेपरवेटमध्ये मोगऱ्याच्या कळ्या घालायचं ठरवलं. बायको रोज संध्याकाळी मोगरा गुंफते, तेव्हा तिनं न सांगता माझं फूल ओळखावं, एवढीच हाव होती. खऱ्या कळ्या शेजारी ठेवून मी मापात तसूभर फरक राहू दिला नाही. वर काचेचा घुमट चढवला, भट्टीत हळूहळू निवू दिला आणि सकाळी ऐटीत तिच्यापुढे ठेवला.

"अय्यो, पूंडु काय सुरेख जमलाय हो!"

आमच्या तंजावुरी घरांत लसणाला पूंडु म्हणतात.

घुमट भिंगासारखा आतली वस्तू मोठी दाखवतो, हे मला तेव्हा आठवलं. आणि मी जन्मभर कॉलेजात शिकवलं काय, तर भौतिकशास्त्र!

मग तांदळाच्या दाण्याएवढ्या कळ्या केल्या. कैक बिघडल्या, बोटं भाजली. अखेर जमलेला पेपरवेट काही न बोलता तिच्या फुलांच्या परडीशेजारी ठेवला. तिचा दोरा थांबला. वाकून पाहत ती म्हणाली, "या दोन आज उमलतील. तिसरी मात्र तुम्ही फारच कोवळी खुडलीत."

राजवाड्याच्या गल्लीपासून तिरुवैयारुपर्यंत हे वाक्य माझ्याकडून न ऐकलेला एकही नातेवाईक आता उरलेला नाही. पहिला पेपरवेटही जपलाय, स्वयंपाकघरात. पाहुण्यांनी विचारलं की मी छाती काढून सांगतो, "लसूणच आहे. मुद्दाम केलाय!"