तीनशे लडी हजर

चांगुणाबाई म्हस्के फुलीचा टाका शिकल्या त्या बारदानावर. सुई म्हणून दाभण आणि दोरा म्हणून सुतळी. समोर मात्र काचेच्या दाराचं लोखंडी कपाट, आणि त्यात रेशमी दोऱ्याच्या तीनशे लडी. तीस रंग, एकेका रंगाच्या दहा-दहा, कोऱ्या करकरीत मांडलेल्या. पोरींनी त्यांच्याकडं बघायचं आणि सुतळी ओढायची.

असं का, तर त्याला कारण एक वही.

भोकरदन तालुक्यातल्या या गावात एका संस्थेनं एक्याऐंशी साली पोरींसाठी भरतकामाचा वर्ग काढला. अनुदानाचं सगळं सामान एकाच टेम्पोतून आलं. कपाट आलं, चार बाकडी आली, भिंतीवरचं घड्याळ, पितळी घंटा, मॅटीच्या कापडाचे तागे आणि दोऱ्याचं खोकं. संस्थेचे कारकून रखमाजी. माणूस सरळ, पण बसला की एकाच दमात काम उरकणारा. त्यांनी टेम्पोतून उतरलेलं सगळं जडवस्तूंच्या नोंदवहीत चढवलं. तागे तेवढे कापडाच्या वहीत गेले, का ते त्यांनाच माहीत. जडवस्तूंची वही म्हणजे ज्या वस्तू वापरून संपत नाहीत त्यांची वही. घड्याळ एक, घंटा एक, दोरा तीनशे लडी. झालं काम! दर मार्चात संस्थेचे तपासनीस साहेबराव यायचे आणि जशी घंटा मोजायचे तशा लडी मोजायचे. एक जरी कमी भरली तर वर्गावरच्या बाईनं घरचा रस्ता धरायचा.

मग कोणती बाई कपाटाला हात लावू देईल? पहिल्या तीन बायांनी दहा वर्षं कुलूपच सांभाळलं.

चांगुणा तिथं शिकायला आली चौऱ्याऐंशीत. भीमनगरातली, बारा-तेरा वर्षांची. सुतळीनं बोटांची सालटी निघाली, तेव्हा तिनं विचारलं, "बाई, त्यो कपाटातला दोरा कोन्या कामाचा हाय?"

बाई म्हणाल्या, "मोजायच्या."

पोरी हसल्या. चांगुणा हसली नाही.

एक्क्याण्णव साली ती त्याच वर्गावर बाई म्हणून आली. मधे जालन्याला राहून भरतकामाची परीक्षा काढली होती, लग्नही झालं होतं. नवरा वसंता सायकली दुरुस्त करायचा. किल्ली हातात आली त्या दिवशी तिनं कपाट उघडलं, लाल रंगाची एक लड काढली, दोरा दोन्ही हातांत धरून ताणला. तट्‌कन तुटला. दुसरी काढली, ती टिकली. म्हणजे सगळा नव्हता गेला, पण जायला लागला होता. वरून करकरीत आणि आतून कुजका.

ती लड मुठीत धरून चांगुणाबाई थेट रखमाजींच्या टेबलाशी.

"रखमाजीकाका, ही नोंद बदला. दोरा का घंटा हाय का?"

रखमाजींनी चष्मा वर केला. "बदलता येत न्हाई, बाई. जडवस्तूतून काढायचं तर निर्लेखन करावं लागतं."

"मंग करा की!"

"निर्लेखन कशाचं होतं? मोडलं, तुटलं, सडलं, त्याचं. चांगल्या मालाचं न्हाई होत."

"म्हंजी सडला तर सुटला?"

"बिलकुल. सडू द्या, मंग कागद करतो, मंग नवा येईल."

"आन त्यो नवा कोन्या वहीत चढवता?"

रखमाजींनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. मग हळूच म्हणाले, "बाई, तुमी नव्या हाव. कमी भरलं तर बोट पहिलं कुणाकडं जाईल, मी सांगायला पायजे का?"

"न्हाई सांगायला पायजे. मला ठाव हाय. म्हनूनच मी असं मोजून ठिवीन, की बोट दाखवनाऱ्याला बोटं पुरायची न्हाईत."

दुसऱ्या दिवशी तिनं बारदान गोळा करून गोठ्यात द्यायला लावलं आणि पोरींना लडी वाटल्या.

पण वाटल्या कशा, ते बघण्यासारखं होतं. लड सोडायच्या आधी तिच्यावरची नंबराची कागदी पट्टी काढून वहीत डकवायची. पट्टीखाली पोरीचं नाव. कोणत्या चित्रात, कोणत्या पानाला, कोणत्या पंखाला हा दोरा गेला ते पुढं. आठ मीटरची लड. सहाही पदर घेऊन भरलं तर मॅटीवर सव्वाचारशे फुल्या होतात, हे तिनं स्वतः भरून, मोजून ठरवलं. टाका चुकला, उसवला, तर तुकडा केरात नाही जायचा. त्याच्यासाठी लोणच्याची एक रिकामी बरणी, तिच्यावर चिठ्ठ्या बांधलेल्या पुरचुंड्या. पोरींना कटकट वाटायची. "बाई, आमच्या मायनं सोनं बी असं मोजलं न्हाई," एक म्हणाली. बाईंनी उत्तर दिलं, "सोनं हरपलं तर तुझी माय रडंल. हे हरपलं तर तू पुन्हा सुतळीवर."

वसंता घरी चिडवायचा, "माझ्या दुकानातले छर्रे बी मोजून ठिव की एकदा."

"तुझे छर्रे कुनी चोरले म्हनून मला हाकलनार न्हाईत," ती म्हणायची.

मार्च आला तोवर ऐंशी लडी कापडावर चढल्या होत्या. भिंतीवर मोर, कमळं, एक 'सुस्वागतम', एक गाय आणि तिचं वासरू. फक्त एक काम वर्गात नव्हतं. द्वारका नावाच्या पोरीचं राघूंचं तोरण. माघात तिचं लग्न झालं, रुखवतात तोरण मांडलं गेलं, आणि ते तिच्याबरोबर हसनाबादला सासरी गेलं. अकरा लडींचं काम. चांगुणाबाईंनी नाही म्हटलं नाही. पोरीनं भरलेलं पोरीचंच. वहीत तेवढं लिहिलं: द्वारका, मुक्काम हसनाबाद, दाराची चौकट. आणि मोजणीच्या आठ दिवस आधी तिच्या सासरी कार्ड टाकलं: तोरण मोजणीसाठी हजर करावे.

साहेबराव आले. घंटा मोजली, घड्याळ मोजलं. कपाटातल्या लडी मोजल्या आणि घाम पुसला.

"बाई, दोनशे वीसच भरून राह्यल्या. ऐंशी कुठं गेल्या?"

"गेल्या न्हाईत साहेब, हजर हायेत. भिंतीकडं बघा."

साहेबरावांनी भिंतीकडं बघितलं. मोरानंही त्यांच्याकडं बघितलं.

"हा तर वापरून टाकला!"

"वापरला. टाकला न्हाई."

"वापरलेला दोरा म्हणजे संपलेला दोरा."

"मंग बाकड्यावर दहा सालं पोरी बसल्या, बाकडं संपलं का? घंटा रोज वाजवतो, तिचा आवाज हवेत गेला, तरी घंटा एक हजर लिहिता ना? दोऱ्यानं फकस्त जागा बदलली."

"मी तुमच्या नावानं मेमो काढतो. किल्ली ठेवा इथं टेबलावर."

दारात रखमाजी उभे होते, त्यांनी मान खाली घातली. पोरींचे हात थांबले. चांगुणाबाईंनी किल्ली कमरेला होती ती आणखी आत खोचली.

"मेमो काढा. पन मोजून काढा. नुसतं बघून न्हाई. एकोणसत्तर लडी ह्या खोलीत हायेत, अकरा हसनाबादच्या गाडीत."

"गाडीत?"

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. द्वारका आली होती, काखेत बोचकं. आणि पुढं तिची सासू, चतुराबाई, पदर खोचून.

"कोन हाय ती चांगुणाबाई? आमच्या चौकटीला सरकारी माल लावला व्हय! कार्ड आलं, अख्ख्या आळीनं वाचलं. सोयऱ्याधायऱ्यात आमची इज्जत हाय का न्हाई?"

"मावशी, बसा. पानी प्या," चांगुणाबाई म्हणाल्या. "माल तुमच्या सुनंचाच हाय. फकस्त मोजायचा हाय."

"मोजायचा? तोरन कुनी मोजतं का? आमच्याकडं शेळ्या मोजतेत."

"आमचे साहेब तोरन मोजतेत," चांगुणाबाई म्हणाल्या. "हो की न्हाई साहेब?"

साहेबराव अडकले. माणूस हट्टी होता, पण लबाड नव्हता. त्यांनी तोरण सतरंजीवर पसरायला लावलं, हिरव्या राघूंवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा हिरवा. किती लडी?"

"चार."

मग शंभर फुल्यांना एक टाचणी, असं करत ते मोजायला बसले. दुसऱ्याच राघूच्या शेपटीत चुकले. पुन्हा पहिल्यापासून. चतुराबाई पाणी प्यायच्या निमित्तानं जवळ सरकल्या, आणि घटकाभरानं त्याच साहेबांना सुनावू लागल्या, "अवं, ती रांग राह्यली. शेळ्या मोजायच्या तर एका अंगानं मोजाव्या, मधून शिरू न्हाई." घड्याळात चार वाजले. शेवटची टाचणी लागली.

"सोळाशे त्र्याण्णव," साहेबराव म्हणाले आणि सरळ झाले. "चार लडींच्या सतराशे पायजेत. सात कमी. आता बोला, बाई."

"मी कशाला बोलू? वही उघडा. द्वारकाचं पान."

त्यांनी पान काढलं. चार हिरव्या पट्ट्या डकवलेल्या, आणि खाली चांगुणाबाईंच्या ठसठशीत अक्षरात: हिरवा, एकूण फुल्या १६९३. तिसऱ्या राघूची मान चुकली, सात फुल्यांचा दोरा उसवला. तुकडे बरणीत.

एका पोरीनं न सांगता बरणी आणून पुढं ठेवली. साहेबरावांनी द्वारकाच्या नावाची पुरचुंडी सोडली. आत हिरवे तुकडे.

"बाकीचे एकोणतीस रंग राह्यले साहेब," चांगुणाबाई म्हणाल्या. "मोर जरा मोठा हाय, उद्या सकाळी लवकर या."

साहेबराव हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी नोंदवही ओढली आणि लिहिलं: दोरा, तीनशे लडी, हजर. त्या साली पहिल्यांदा वर्गाला नवा दोरा मंजूर झाला. रखमाजींनी त्याच्यासाठी वेगळी वही घातली आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'संपणारा माल'.

पण जुन्या तीनशे लडी जडवस्तूतच राहिल्या. दोन-तीन वर्षांत त्या सगळ्या कापडावर चढल्या, आणि पोरी जशा नांदायला गेल्या तशा लडीही गेल्या. कुणी पिंपळगाव रेणुकाईला, कुणी पार अंबडकडं अंतरवाली सराटीला. दर फाल्गुनात बाईंची कार्डं सुटायची: मोजणीसाठी हजर करावे. सासरच्यांना वाटायचं कोर्टाचंच बोलावणं. ज्या सुनेला दिवाळीलाही माहेरी धाडत नसत, तिला घाईनं एस.टी.त बसवून द्यायचे, "जा बाई जल्दी, नस्ती बला नको." मोजणीचा दिवस म्हणजे खोलीत पन्नास बाया, त्यांची लेकरं, चहाचं पातेलं आणि भिंतभर मोर. साहेबराव आता एखादाच रंग मोजायचे आणि बाकीचा वेळ लेकरांच्या गलक्यात घालवायचे.

दोन हजार तीन साली ते शेवटचे आले, निवृत्तीला महिना राहिला होता. हातात एक छापील कागद.

"बाई, निर्लेखन मंजूर करून आणलं. सहीच करा फक्त. बारा वर्षं हे ओझं वागवलं, सुटलात तुम्ही."

खोलीतला गलका बसला. द्वारकाच्या मांडीवर तिसरं लेकरू होतं. ती म्हणाली, "म्हंजी आता कार्ड येनार न्हाई?"

अंतरवालीची एक जण नुसती आपल्या कमळाची घडी घालायला लागली.

चांगुणाबाईंनी कागद वाचला. उलटा करून मागूनही बघितला. मग दोन बोटांनी साहेबरावांच्या पुढ्यात परत सरकवला.

"सही न्हाई करनार."

"अहो, तुम्हीच तर ह्यासाठी भांडलात!"

"तवा दोरा कपाटात सडत व्हता. आता सडला का? दाखवा कुठं सडला. चांगल्या मालाचं निर्लेखन होत न्हाई, तुमचाच नियम."

"उद्या एक तोरण उंदरानं खाल्लं, तर जिम्मेदारी तुमची. माझ्या जागी येणारा माणूस कसा असेल, सांगता येत नाही. तो खरंच घरी बसवील."

"बसवू द्या. त्याला बी आदी मोजावं लागंल."

साहेबरावांनी कागदाची घडी केली, खिशात घातली, आणि सवयीनं खुर्ची ओढली.

"खुर्ची न्हाई साहेब," चांगुणाबाई म्हणाल्या आणि सतरंजी झटकून पसरली. "खाली बसा. वरून फुल्या दिसत न्हाईत. औंदा लाल मोजा, लई दिसाचा राह्यलाय."