सासूच्या मुठीतलं डोरलं

शाहूपुरीतल्या त्या दवाखान्यात अपघाताची बाई आली की संयोगिता सिस्टर आधी रक्त थांबवायची आणि लगेच अंगावरचं सोनं उतरवून घरच्यांच्या हातात द्यायची. राधानगरीकडच्या आडगावातून आलेल्या संयोगिताचं नाव त्यामुळंच झालं होतं. "त्या सिस्टरच्या हातनं एक मणी हिकडचा तिकडं हुयाचा न्हाय," असं लोक सांगत. या एका गोष्टीचा तिला मनातून अभिमान होता.

त्या दिवशी मात्र सकाळपासून ती पिशव्या आणि हातमोजे पुन्हा पुन्हा मोजत होती. किरणोत्सर्गाचा अपघात झाला तर दवाखाना तयार आहे का, हे तपासायला पथक आलं होतं. अपघात विभाग तिच्याकडं, म्हणजे परीक्षाही तिचीच. सराव असा होता: कागलजवळ कॅन्सरवरचं किरणोत्सारी औषध नेणारी गाडी उलटली आहे आणि स्कूटरवरून जाणाऱ्या एका सुनेच्या अंगावर ते सांडलं आहे. सून झाली होती क्रांती, नवी नर्स. सासू व्हायला आया चिमणाबाई आपणहून पुढं आल्या.

सुरुवात चांगली झाली. आधी जीव वाचवायचा, मग अंग धुवायचं, हे संयोगिता विसरली नाही. श्वास पाहिला, नाडी पाहिली, वरचा जुना गाऊन कापून पिशवीत बंद केला. चिमणाबाई दारात ऊर बडवत होत्या, "माझी सून वो! आता भाकरी कोण थापायची?" क्रांती डोळे मिटून हसू दाबत होती. संयोगितानं तिच्या गळ्यातलं डोरलं काढलं आणि वळून सासूच्या मुठीत ठेवलं.

"नीट जपा, मावशी."

चिमणाबाईंनी ते कमरेला खोचलं.

पथकाचे गुरुप्रसाद साहेब शांतपणे म्हणाले, "सिस्टर, औषध त्या डोरल्यावरही सांडलंय. आता ते कुठं चाललं?"

संयोगिताच्या डोळ्यांपुढं सगळं उभं राहिलं. सासू रिक्षानं घरी गेली, डोरलं देवापुढं ठेवलं, रांगत्या नातवानं उचलून तोंडात घातलं.

साहेबांनी पुन्हा करायला लावलं. या वेळी डोरलं पिशवीत गेलं, पिशवीला नाव लागलं. चिमणाबाई गुपचूप उभ्या राहिल्या. "जमलं," म्हणत पथक चहाला गेलं. संयोगिता मात्र मागंच थांबली.

"मावशी, खरं सांगा. खरी सून असती तर डोरलं पिशवीत ठेवू दिलं असतं?"

"हॅ! सौभाग्याचं लेणं हाय, सिस्टर. वर तीन तोळं सोनं. झिंज्या उपटल्या असत्या की तुमच्या! आणि मागनं सगळी गल्ली आली असती, त्ये येगळंच."

संयोगितानं क्रांतीला पुन्हा झोपवलं. "मग चला. आता सिस्टर म्हणून बघू नका माझ्याकडं. भांडा."

"शिव्या बी दिऊ?"

"द्या."

चिमणाबाईंनी पदर खोचला आणि धावूनच आल्या. संयोगिता पिशवी छातीशी धरून दारात आडवी झाली. "मावशी, ह्याला विषारी औषध लागलंय. धुऊन, तपासून मीच देते."

"मला शिकवतीस? सोनं बघितलं आन् नियत फिरली व्हय गं? चोर! चोरटी!"

हा शब्द तिला आजवर कुणी लावला नव्हता. खोटा आहे हे माहीत असूनही तिचे डोळे भरून आले. चिमणाबाई दोन पावलं मागं सरल्या. "अवो, मी आपलं उगंच..."

"थांबू नका," पिशवी आणखी घट्ट धरत ती म्हणाली. "परत म्हणा."