भुंग्याचा कातळ

आमच्या घरात रविवारी सकाळी सहानंतर कुणी अंथरुणात दिसला, तर तो आजारी आहे असं समजतात. मुलगा मिलिंद आणि सून सायली आठवडाभर ऑफिसात खुर्च्या उबवतात आणि सुट्टीच्या दिवशी त्याचा सूड घेतात. दारामागे दोऱ्यांची वेटोळी आहेत, गॅलरीत दोन सायकली, आणि दिवाणाखाली, जिथे आमच्या लहानपणी लोणच्याच्या बरण्या असायच्या, तिथे गुंडाळलेला तंबू. नात रेवा चौदा वर्षांची. ती मराठी बोलते, पण मधले मधले शब्द तिच्या तोंडातून गळून गेलेत. चाळीस वर्षं राजधानीत, केंद्र सरकारच्या मंत्रालयातल्या फायली उलटून निवृत्त झालेला मी या घरातला एकटाच बसणारा प्राणी.

आणि भुंगा. मुनिरक्याच्या एका गल्लीत, मिलिंदच्या मित्राच्या भाड्याच्या खोलीसमोर सापडलेलं काळंभोर, गुणगुणणारं कुत्र्याचं पिल्लू. मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत त्याच्याइतका भटकलेला कुणी नसेल. सायकलीशेजारी धावणं, तळ्यात उडी मारून अंगभर शेवाळ घेऊन येणं, तंबूत सगळ्यांच्या आधी जाऊन मधोमध झोपणं, हे त्याचे रोजचे उद्योग. दीड वर्षापूर्वी एका टेकडीवर तो ओल्या खडकावरून घसरला आणि मागचा डावा पाय मोडला. आत धातूची पट्टी बसवली, टाके पडले, हाड जुळलं. पण उंच पायरी दिसली की तो बसायला लागला. ट्रेकची पिशवी निघाली की पूर्वी दारात नाचायचा, तो आता माझ्या खाटेखाली सरकायचा.

मे महिन्यात सगळे उत्तराखंडात जायचे होते, दहा दिवस. सायलीने फेब्रुवारीतच विषय काढला. ती कमी बोलते, पण बोलली की हिशेब मिटतो. दमदम्याच्या तळ्याजवळच्या टेकडीवर एकदा नेऊन बघू, म्हणाली. तो आपण होऊन वर आला, तर मे महिन्यात बरोबर. नाही आला, तर ते दहा दिवस तो कुत्र्यांच्या वसतिगृहात राहील आणि यापुढे त्याला डोंगरावर ओढायचं नाही. रेवा जेवता जेवता उठून गेली. मी त्या बेतात नव्हतोच. माझ्या गुडघ्यांचे फोटो पाहून डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं की जिने टाळा. त्यामुळे मे महिन्यात मी आणि स्वयंपाकाच्या बाई, एवढंच ठरलेलं. "बाबा, तुम्हीही चला टेकडीपर्यंत, खाली सावलीत बसा," मिलिंद म्हणाला, आणि मी थर्मास शोधायला लागलो.

तुम्ही जाणार असाल तर सकाळी साडेपाचला निघा. डीएनडीच्या उड्डाणपुलावरून आश्रम चौक, तिथून मथुरा रोडने बल्लभगढ आणि मग सोहन्याचा रस्ता. रविवारी पहाटे हे अंतर पावणेदोन तासांत होतं. आठनंतर निघालात तर बल्लभगढलाच जेवणाची वेळ होईल. शहर संपलं की दोन्ही बाजूंना मोहरी फुललेली असते. अशा पिवळ्या रंगाला आमच्या शाळेच्या पुस्तकात कुणीतरी नक्कीच चांगलं विशेषण दिलं असणार, या विचारात मी पाच-सहा मैल घालवले. वाटेत ढाब्यावर कोबीचे पराठे घेतले, वर लोण्याचा गोळा. चौघांचे मिळून पाचशेच्या आत झाले आणि दुपारपर्यंत भूक लागली नाही. कुत्र्याला मात्र चढायच्या आधी पोटभर देऊ नका. भुंग्याला अर्धी कोरडी पोळी मिळाली आणि ती खाऊन त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की लोण्यातला माझा घास मला गोड लागेना.

गाडी गावाबाहेर कडुलिंबाखाली लावता येते. पाऊलवाट सुरुवातीला अगदी सोपी आहे, विलायती बाभळींमधून जाते. काटे फार. दर वीस मिनिटांनी कुत्र्याचे पंजे उलटून बघा. पट्टा सोडू नका, कारण बकऱ्या चरत असतात आणि माकडंही असतात. अर्ध्या तासाने एक सपाट जागा लागते. तिथे माझी घडीची खुर्ची उघडली गेली, थर्मास मांडीवर आला आणि मला निरोप मिळाला. शेजारी एक बाई बकऱ्या राखत बसल्या होत्या. ओढणी डोक्यावर, हातात काठी. त्यांनी मला एकदा पाहिलं, खुर्चीला एकदा पाहिलं आणि हसू दाबलं.

त्या जागेच्या पुढेच कातळ आहे. दोन मजली घराएवढा, पायऱ्यापायऱ्यांसारखा फुटलेला. अवघड नाही, पण दर पायरी गुडघ्याएवढी. तोपर्यंत शेपटी उंचावून चाललेला भुंगा त्या कातळापाशी आला, वर पाहिलं आणि बसला.

मिलिंदने चिकनचा तुकडा दाखवला. रेवा दोन पायऱ्या वर जाऊन लाडीगोडी करू लागली. सायलीने तिची नेहमीची खूण केली, "अप, भुंगा, अप." तो तिघांकडे आळीपाळीने बघत राहिला, कान पाडून, जणू यांना आपल्यामुळे वाईट वाटतंय हे त्याला कळत होतं. पंधरा मिनिटं गेली. रेवाने पट्टा ताणला.

"ओढायचं नाही, रेवा. ठरलंय आपलं."

"मम्मा, फक्त एक बार. पहिली पायरी चढला की तो—"

"त्याने सांगितलंय आपल्याला. ऐकायला नको का?" सायलीचा आवाज खाली आला होता. तिलाही त्याला मागे ठेवायचं नव्हतं, हे मला खालूनही समजलं.

मी काही ठरवून केलं नाही. तोंडातून आपोआप निघालं. हळूच, स्वतःशी पुटपुटावं तसं:

चढ रे गड्या, चढ रे गड्या, थोडाच उरला घाट,
माथ्यावरती वारा बघतो तुझी नि माझी वाट.

भुंगा उठला. कातळाकडे पाठ केली, धावत माझ्याकडे आला आणि माझ्या डाव्या गुडघ्याला खांदा लावून उभा राहिला. वर बघत, तयारीत.

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. बकऱ्यावाल्या बाईसुद्धा.

आता सांगायलाच हवं होतं. पाय जुळल्यावर भुंग्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की याला हळूहळू जिने चढवा. ही दोघं ऑफिसात, रेवा शाळेत. दुपारी याला सोसायटीच्या बागेत फिरवण्याचं काम माझ्याकडे होतं. बागेत आम्ही जायचो. पण परत येताना लिफ्टने न येता जिन्याने यायचो, तिसऱ्या मजल्यापर्यंत, चोपन्न पायऱ्या. पहिले काही दिवस तो हलेना. तेव्हा मला साताऱ्याकडची शाळा आठवली. चौथीत गुरुजी टेबलावर छडी वाजवत कविता म्हणून घ्यायचे आणि त्या ठेक्यावर आम्ही सगळा वर्ग डुलायचो. कविता विसरलो, ठेका राहिला. त्या ठेक्यात मीच दोन ओळी बसवल्या आणि दर पायरीला एक तुकडा म्हणत गेलो. अर्धी ओळ झाली की थांबायचं, त्याने पाय उचलायचा, मी उचलायचा. सात महिने. घरात कुणाला पत्ता नव्हता, फक्त वॉचमनला होता आणि त्याला मी चहा पाजत होतो.

"बाबा, तुम्ही याला बागेत नेत होतात ना?" सायलीने विचारलं.

"बागेतही नेत होतो."

"आणि तुमच्या डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"मला सांगितलं, चढू नका. त्याला सांगितलं, चढ. घरात दोन डॉक्टर झाले की एकाचं ऐकायचं राहून जातं."

मिलिंद नको नको म्हणत होता. बकऱ्यावाल्या बाई मध्येच बोलल्या, "ताऊ, कुत्ता तो तैयार सै. तू देख ले अपणा." कुत्रा तयार होता, प्रश्न माझा होता.

सायलीने माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग पिशवीतून तिची चढायची काठी काढून माझ्या हातात दिली. "मिलिंद, तू बाबांच्या मागे. मी पुढे. दर पायरीला थांबायचं. मी बास म्हटलं की बास, कुणीही असो."

लहानपणी अजिंक्यताऱ्यावर आम्ही पोरं अनवाणी पळत जायचो. या कातळाला मला चाळीस मिनिटं लागली. चढ रे गड्या, म्हटलं की भुंगा पुढचे पाय टाकायचा. पुढचे शब्द म्हटले की मागचे यायचे, मोडलेला सगळ्यात शेवटी, थरथरत, पण यायचा. मग माझी पाळी. काठी, हात, गुडघा, मिलिंदचा खांदा. पाचव्या पायरीवर तो घसरला. नखं खरवडली, रेवा किंचाळली, आणि तो तिथेच चिकटून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी तीच ओळ पुन्हा म्हटली, आवाज जमेल तेवढा सरळ ठेवून. त्याने पाय पुन्हा मांडला.

शेवटच्या तीन पायऱ्या उरल्या आणि माझा श्वास संपला. ओळ सुरू केली, पण शब्द निघेनात. नुसताच उभा राहिलो, कपाळावरचा घाम डोळ्यांत घेत. भुंग्याने वाट पाहिली. मग एक पायरी आपण होऊन चढला. थांबला, वळून पाहिलं. दुसरी. तिसरी. माथ्यावर उभा राहून त्याने मान खाली वाकवली आणि माझ्यावर एकदाच भुंकला. चौथीत मी अडखळलो की गुरुजी असेच खेकसायचे.

मी गेलो वर. जाणारच.

वर वारा होता, ओळीत कबूल केल्याप्रमाणे. खाली दमदम्याचं तळं, मोहरीचे पिवळे तुकडे, आणि दूर धुरकटात गुरुग्रामचे मनोरे, इतके लहान की एका बोटाने झाकावेत. भुंगा आमच्याभोवती गोल गोल पळाला, तीन पायांवर आणि चौथ्यावरही. रेवाने विचारलं, "आबा, माथा म्हणजे टॉप ना?" म्हटलं, हो, तू उभी आहेस तोच. मिलिंद तोंड फिरवून पाण्याची बाटली शोधत होता, जी त्याच्या हातातच होती. सायलीने भुंग्याचा पाय दाबून पाहिला, मग माझे गुडघे, अगदी त्याच पद्धतीने.

उतरताना मागच्या बाजूने बैलगाडीची वाट आहे. लांब पडते, पण माझ्यासारखे गुडघे असलेल्यांनी तीच घ्यावी. चढायलाही ती चालली असती, हे आम्हाला खाली पोचल्यावर बकऱ्यावाल्या बाईंनी सांगितलं.

घरी आल्यावर भुंग्याच्या पंजातून चार काटे निघाले आणि कानामागून एक गोचीड. माझे गुडघे दोन दिवस सुजले, बर्फ लावला. तिसऱ्या दिवशी बाहेर पडलो, तर जिन्यात प्रत्येक मजल्यावर एक स्टूल ठेवलेलं होतं.

मे महिन्यासाठी रेवाने शक्कल काढली. माझ्या आवाजात त्या दोन ओळी फोनवर भरून घेतल्या. आबा घरी आराम करतील, भुंगा फोन ऐकून चढेल. चाचणी आमच्याच जिन्यात झाली. तिने खाली उभं राहून फोनवर त्या ओळी लावल्या. भुंग्याने कान टवकारले, फोन हुंगला, आणि चोपन्न पायऱ्या एका दमात चढून घरात आला. मी वर्तमानपत्र वाचत होतो. त्याने माझा डावा बूट तोंडात धरून आणला आणि पायाशी ठेवला.

सायलीने ते पाहिलं. तिने उत्तराखंडात ठरवलेल्या विश्रामगृहाला फोन लावला.

"जी, बुकिंग में बदलाव है. तीन नहीं, पाँच. एक बुज़ुर्ग हैं और एक कुत्ता. नहीं जी, अलग कमरा नहीं चाहिए. वे दोनों साथ रहेंगे."