ओवीतल्या भावाचं गाव

मुलांनो, माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या संगणकावर उतरवायला विद्यापीठातली मधुरा आली होती. भावाच्या गावाच्या ओवीतल्या 'सासवड' शब्दाभोवती तिनं टोकदार कंस घातले, 'स्थळ' अशी खूण केली आणि पडद्यावरच्या नकाशावर लाल ठिपका उमटला.

"संगणकाला कळणाऱ्या या खुणांना एक्सएमएल म्हणतात, आजी. तुमच्या मामांचं गाव सापडलं!"

मला त्या ठिपक्याचा संशयच आला. इतका ठाम, जणू मामाला भेटूनच आलाय.

"अगं, मला मामाच नव्हता. ओवीत भाऊ लागतो, म्हणून आई त्याला कुठल्याही गावी बसवायची."

"मग पुसू?"

मी ठिपक्यावर बोट ठेवलं. आईच्या भावाला पहिल्यांदाच पत्ता मिळाला होता.

"राहू दे. पण खुणेत 'भाऊ नव्हता' असंही लिही. माझी नातवंडं नकाशावर फार विश्वास ठेवतात."