चावीमामांची सतरा पावलं

सकाळी साडेदहाला खोदाईच्या मशीनचा दात पाण्याच्या मोठ्या लाईनीत घुसला आणि दवाखान्यासमोर दुमजली कारंजं उडालं. ही सगळी नकाशेवाल्याची कृपा. लाईन तिथे नाहीच, असं त्याच्या रंगीत नकाशात ठणकावून दाखवलेलं होतं.

नकाशा त्याचा, पण माहिती चावीमामांची. जमिनीखाली कुठे काय आहे हे शहरात त्या एकाच माणसाला ठाऊक. एकतीस वर्षं हा बुटका गृहस्थ खांद्यावर लोखंडी चावी टाकून पाणी सोडत आणि बंद करत गल्लोगल्ली हिंडत होता. रस्तेवाले दर दोन वर्षांनी यायचे, व्हॉल्व्हची झाकणं डांबराखाली गाडायचे आणि फीत कापून निघून जायचे. मग मामा औषधाच्या दुकानाच्या पायरीपासून सतरा पावलं मोजून छिन्नी लावायचे. सतराव्या पावलाखाली झाकण हजर! पुराच्या वर्षी त्यांनी छातीभर पाण्यात उभं राहून गढूळ पाण्याची वाट बंद केली, म्हणून अर्धं शहर आजारपणातून वाचलं. त्याबद्दल सत्कार झाला. साहेबांचा.

मामांच्या निवृत्तीला चार महिने उरले, तेव्हा कुठे साहेबांना जाग आली आणि संगणकावर नकाशा हवासा वाटू लागला. मामांनी दोनशे बारा व्हॉल्व्ह पावलांत सांगितले. नकाशेवाल्याने खुर्ची न सोडता एका पावलाला पाऊण मीटर धरला. पुस्तकात तसंच होतं.

ते कारंजं बंद केलं मामांनीच, वीस मिनिटांत. अंगावरचे कपडे वाळायच्या आत त्यांच्या हातात नोटीस पडली: चुकीची माहिती दिल्याचा खुलासा करा, अन्यथा पेन्शन रोखण्यात येईल. मामा तसेच निथळत साहेबांच्या खोलीत घुसले.

"साहेब, मी सतरा सांगितली. आजही सतराच आहेत. चला, मोजू!"

"मामा, आवाज खाली. नकाशा खोटं बोलत नाही."

"कसा बोलेल? त्याला तोंड कुठंय? तोंडवाला हा बसलाय, त्याला विचारा की!"

तोंडवाला, म्हणजे कोपऱ्यात बसलेला नकाशेवाला, संगणकाआड आणखी लपला. गप्प बसला तर नोकरी शाबूत, मामांची पेन्शन मात्र गेली. मामी आणि मामांना दुसरा आधार नव्हता. मान खाली घालून बसला असतानाच त्याला फरशी दिसली. दारापासून टेबलापर्यंत ओल्या पावलांची रांग उमटली होती. किती जवळजवळ!

तो उठला, टेप काढला आणि गुडघ्यांवर बसून मोजू लागला.

"पंचावन्न," तो म्हणाला.

"काय पंचावन्न?" साहेब.

"सेंटीमीटर, साहेब. मामांचं पाऊल. मी पंचाहत्तर धरलं. सतरा पावलांत लाईन जवळजवळ साडेतीन मीटर सरकली. चूक माझी आहे."

मामा कडाडले, "एकतीस वर्षं या शहराच्या पोटात हात घालतोय मी! वर दिवे लावायला तुमच्याकडे शंभर माणसं आणि खालचं सगळं माझ्या एका टाळक्यात. बरं, ते काढून घ्यायला आलात, तर माझं पाऊल केवढं हे बघायला एकालाही खुर्ची सोडवली नाही?"

"बरं बरं, नोटीस मागे घेतो."

"तोंडी नको. कागदावर."

टाईप होऊन सही होईपर्यंत मामा तिथून हलले नाहीत. फरशीवर तळं साचलं, साहेबांनी पाय वर घेतले.

आता रोज सकाळी नकाशेवाला टेप घेऊन मामांच्या मागे असतो.

"पुस्तक आणलंस का रे? नाही, पायरी कुठली ते त्यात बघायला!" मामा दर कोपऱ्यावर टोमणा मारतात. साहेबांकडे त्याने तीन प्रतींत लेखी माफी मागितली. मामांची मागायला तोंड उघडलं, की ते म्हणतात, "टेप ताण आधी, झोल पडलाय." दोनशे बारापैकी एकोणनव्वद व्हॉल्व्ह मोजून झाले. ती माफी अजून मागायची राहिलीच आहे.